नव्या खोतीची कबुलायत

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या आपल्या संगणकप्रणालीच्या विनामूल्य सुरक्षा-दुरुस्त्या बंद केल्या. वार्ता परदेशातील, आणि वरवर पाहता केवळ तंत्रज्ञांच्या कुतूहलाची. परंतु तिचा परिणाम पेण आणि रोह्यासारख्या तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला आहे. पतसंस्था, ग्रामपंचायत, वाचनालय, शाळेचा संगणककक्ष, झेरॉक्सचे दुकान आणि चळवळीची कचेरी येथील संगणक बहुधा जुने, काही तर दुसऱ्याच्या हातचे घेतलेले. 'विंडोज ११' साठी कंपनीने ठरविलेली सुरक्षा-चिप आणि नवा प्रोसेसर साधारणपणे २०१८ पूर्वीच्या यंत्रांत नाहीत. यंत्राचे काही बिघडलेले नाही. पडदा दिसतो, कळा चालतात, छपाई होते. तरीही ते यंत्र 'निकालात निघाले' असे त्याच्या धन्याला सांगण्यात येते, आणि हे सांगणारा त्या यंत्राचा धनी नव्हे.

या निर्णयासोबत कंपनीने एक सवलतही देऊ केली. घरगुती ग्राहकांना आणखी एक वर्ष दुरुस्त्या मिळतील. मात्र त्यासाठी पैसे भरावेत, नाही तर कंपनीकडे खाते उघडून आपल्या संगणकाची मांडणी तिच्या भांडारात जमा करावी. या सवलतीचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. रोख रक्कम आणि स्वतःविषयीची माहिती ही दोन नाणी या बाजारात सारखीच चालतात, हे येथे कंपनीने स्वतःच दराच्या पाटीवर लिहून टाकले आहे.

तेव्हा हा प्रश्न तांत्रिक नाही. विकत घेतलेल्या वस्तूची मालकी कोणाची, आणि तिच्या वापराच्या अटी कोणी ठरवावयाच्या, हा तो प्रश्न आहे. हा प्रश्न ज्या जिल्ह्याने आपल्या रक्ताघामाने ओळखला, असा महाराष्ट्रात रायगडाइतका दुसरा जिल्हा क्वचितच सापडेल.

खोताची वही आणि कुळाचा अंगठा

१९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात खोतीचा अंमल कसा होता हे जुन्या कार्यकर्त्यांना सांगावयास नको. नव्यांनी मात्र ते समजून घेणे अगत्याचे आहे. खोत हा मूळचा सरकारचा सारा गोळा करून देणारा मध्यस्थ. कालांतराने तोच गावाचा धनी होऊन बसला. जमीन कसणारे कूळ, खाडीचे पाणी अडविणारे कूळ, बांध घालणारेही कूळ. पण खळ्यावर भात मोजले जाई ते खोताच्या मापाने आणि हिशेब लिहिला जाई तो खोताच्या वहीत. ती वही कुळाने पाहण्याची सोय नव्हती. आणि या सर्व व्यवहाराला कायद्याचे रूप देणारा एक कागद होता, कबुलायत. तिच्यातील अटी खोत लिही आणि अंगठा कूळ उठवी. अटी पटल्या नाहीत तर अंगठा न देण्याचे स्वातंत्र्य कुळाला होतेच. फक्त मग जमीन कसण्याचे आणि पोट भरण्याचे स्वातंत्र्य उरत नसे.

अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली जो शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि १९३९ पर्यंत चालला, तो या कबुलायतीच्या विरुद्ध होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले ते याच पार्श्वभूमीवर. पुढे १९४८ चा कूळकायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आला. या संघर्षाचा आशय केवळ खंड कमी करून घेण्याचा नव्हता. जी संमती नाकारता येत नाही ती संमतीच नव्हे, हा सिद्धान्त या मातीत त्या सहा वर्षांत रुजला.

तोच सिद्धान्त पेण तालुक्याने आणखी एकदा देशापुढे मांडला. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांतील जमिनी घेण्याचे घाटत असता, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील बावीस गावांचा कौल घेणे शासनाला भाग पडले आणि २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांनी आपले मत नोंदविले. आधी विचारा, नाही म्हणण्याची मुभा द्या आणि मग पुढचे बोला, ही त्या आंदोलनाची शिकवण होती. जमिनीच्या बाबतीत इतका जागा असलेला हाच समाज खिशातील फोनच्या बाबतीत मात्र दिवसातून दहा वेळा न वाचता अंगठा उठवीत आहे.

'मान्य आहे' या बटणाचे अर्थशास्त्र

ही तुलना अलंकारिक वाटू नये म्हणून एक प्रत्यक्ष घडलेला प्रसंग पाहावा. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने आपल्या भारतीय ग्राहकांना नव्या अटी कळविल्या. ग्राहकांविषयीची काही माहिती फेसबुकच्या, म्हणजे आताच्या मेटाच्या, इतर कंपन्यांना देण्याची तरतूद त्यांत होती. अटी मान्य करा, नाही तर सेवा सोडा, असा त्या सूचनेचा आशय. प्रथम ८ फेब्रुवारीची मुदत दिली होती. ओरड झाल्यावर ती १५ मेपर्यंत वाढविण्यात आली. अटी मात्र मागे घेतल्या गेल्या नाहीत. भारतीय स्पर्धा आयोगाने या वर्तनाबद्दल नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड केला, आणि अपील न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०२५ मध्ये माहितीच्या देवघेवीवरील पाच वर्षांची बंदी उठविली असली तरी दंड कायम ठेवला.

पेणजवळच्या हमरापूर-जोहे परिसरातील एखाद्या मूर्तिकाराच्या दृष्टीने या सूचनेचा अर्थ काय होता? मूर्तींचे फोटो व्यापाऱ्याला पाठवावयाचे ते व्हॉट्सॲपवर, मागणी नोंदवावयाची ती तेथेच, उधारीचा तगादाही तेथेच. ज्या साधनावर बाजारातील सर्व माणसे आहेत ते एकट्याने सोडणे म्हणजे बाजार सोडणे. एकट्या कुळाने अंगठा नाकारण्यासारखेच ते आहे. म्हणूनच 'ज्याला नको त्याने वापरू नये' हा युक्तिवाद खोताचा युक्तिवाद आहे, हे कार्यकर्त्यांनी ओळखावे.

अर्थशास्त्रात खंड या शब्दाला नेमका अर्थ आहे. उत्पादनात काहीही भर न घालता, केवळ एखाद्या दुर्मिळ साधनावर ताबा आहे म्हणून मिळणारे उत्पन्न म्हणजे खंड. आजच्या माहितीच्या बाजारात ही दुर्मिळ वस्तू आहे माणसाचे लक्ष आणि त्याच्याविषयीची माहिती. तो कोठे जातो, कोणाशी बोलतो, काय शोधतो, कोणत्या आजाराची चौकशी करतो, यांचा हिशेब ज्याच्या वहीत, त्याला जाहिरातदाराकडून खंड वसूल करता येतो. गूगलची मालक कंपनी अल्फाबेट हिचे २०२४ या वर्षाचे उत्पन्न ३५० अब्ज डॉलर होते. त्यातील सुमारे तीन-चतुर्थांश केवळ जाहिरातींचे. फुकट नकाशा, फुकट टपाल आणि फुकट ब्राउझर यांचा खर्च कोठून निघतो, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

हा खंड टिकवावयाचा तर वेशीवर चौकी हवी. फोनवरील अँड्रॉइड प्रणाली आणि इंटरनेटचे दार उघडणारा ब्राउझर या त्या दोन चौक्या. अँड्रॉइड फोन बनविणाऱ्या कंपन्यांवर आपली सर्व ॲप आधीच बसविण्याची सक्ती केल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड केला. ब्राउझरची स्थिती याहून वेगळी नाही. गूगलचा क्रोम तर सर्वत्र आहेच. परंतु मायक्रोसॉफ्टचा एज, ऑपेरा, ब्रेव्ह असे नावाने निराळे वाटणारे ब्राउझरही गूगलने घडविलेल्या क्रोमियमच्याच पायावर उभे आहेत. पाया ज्याच्या हाती, नियम त्याचे. क्रोमच्या विस्तारकांचे नियम बदलून २०२४-२५ मध्ये जाहिराती व पाळत अडविणारी काही प्रभावी साधने त्यात चालेनाशी करण्यात आली, हे याचेच प्रत्यंतर. अमेरिकेतील न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलने शोधसेवेतील मक्तेदारी बेकायदा राखल्याचा निर्णय दिला. पण सप्टेंबर २०२५ मध्ये उपाय सांगताना क्रोम विकावयास लावण्याची मागणी नाकारली. मक्तेदारी सिद्ध झाली, चौकी मात्र जागेवरच राहिली.

खासगीपणा हा कोणाचा प्रश्न?

चळवळीतील काही ज्येष्ठांचा येथे एक आक्षेप असतो. ज्याला दोन वेळची भ्रांत आहे त्याला खासगीपणाचे काय? हा मध्यमवर्गाचा चोचला नव्हे काय? आक्षेप प्रामाणिक आहे, पण वस्तुस्थितीला धरून नाही. माहितीच्या सक्तीचा पहिला आणि सर्वात जड भार शहरातील नोकरदारावर पडत नाही. तो गरिबावर पडतो, कारण हक्काचे धान्य, अनुदान आणि पोषण यांच्यासाठी शासनाच्या दारात त्यालाच उभे राहावे लागते.

अंगणवाडी सेविकांचा अनुभव पाहावा. मार्च २०२१ पासून केंद्र शासनाने 'पोषण ट्रॅकर' हे ॲप आणले. बालकांची आणि मातांची सर्व नोंद त्यात करावयाची. ॲप इंग्रजीत, दिलेले फोन निकृष्ट आणि वारंवार बंद पडणारे. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभर सेविकांनी हे फोन शासनाला परत केले. यंत्रयुगाविरुद्धचे ते बंड नव्हते. काम करणाऱ्या बाईला समजेल अशा भाषेत आणि तिला विचारून साधन घडवा, एवढीच ती मागणी होती. तंत्रज्ञानावरील लोकशाही नियंत्रणाची इतकी स्पष्ट मागणी महाराष्ट्रात कोणत्याही अभियंत्यांच्या परिषदेने केलेली नाही. ती केली मानधनावर राबणाऱ्या स्त्रियांनी.

त्यानंतर सक्ती वाढतच गेली. १ जुलै २०२५ पासून घरी नेण्याच्या आहारासाठी लाभार्थीचा चेहरा फोनच्या कॅमेऱ्यापुढे पडताळण्याचे बंधन घालण्यात आले. पेण आणि रोहा तालुक्यांतील कातकरी वाड्यांवरून कुटुंबे दरवर्षी वीटभट्ट्यांवर जातात. अशा कुटुंबाचा फोन हरवला किंवा नंबर बदलला, तर आधारशी जोडलेल्या जुन्या नंबरावर येणारा ओटीपी त्या मातेने कोठून आणावयाचा? चेहरा जुळला नाही तर दोष कोणाचा, आणि दाद मागावयाची ती कोणाकडे? खोताच्या वहीत नाव नाही म्हणून कूळ बेदखल होई. आता ॲपमध्ये चेहरा जुळत नाही म्हणून बालकाचा आहार अडण्याची वेळ येते.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर संसदेने २०२३ साली वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा केला. परंतु या कायद्याने शासनाला आपल्या यंत्रणा त्यातून वगळण्याचा अधिकार दिला, आणि त्याच कायद्याने माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ८(१)(जे) ही बदलले. पूर्वी वैयक्तिक माहिती असली तरी व्यापक लोकहितासाठी ती देण्याची तरतूद याच कलमात होती. ती आता तेथून काढण्यात आली आहे. नागरिक शासनाला पारदर्शक आणि शासन नागरिकाला अपारदर्शक, अशी ही उफराटी रचना आहे.

फुकट आणि मुक्त

या परिस्थितीला उत्तर म्हणून जी एक चळवळ जगात चार दशके चालू आहे, तिची ओळख डाव्या कार्यकर्त्यांना असावयास हवी होती त्या मानाने कमी आहे. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' या नावाने मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर वापरण्याचे, त्याची मूळ संहिता अभ्यासण्याचे, ती बदलण्याचे आणि मूळ वा सुधारलेली प्रत इतरांना देण्याचे, अशी चार स्वातंत्र्ये वापरणाऱ्याला असली पाहिजेत, ही तिची भूमिका. १९९१ साली हेलसिंकीतील लिनस टॉर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि तो पुढे याच परवान्याखाली सर्वांना खुला केला. आज जगातील बहुतेक मोठे सर्व्हर आणि प्रत्येक अँड्रॉइड फोन लिनक्सच्या गाभ्यावर चालतो.

इंग्रजीत यासाठी जो शब्द आहे त्याचे दोन अर्थ होतात आणि त्यामुळे तेथे सतत घोळ होतो. मराठीचे भाग्य असे की, तिच्यात फुकट आणि मुक्त हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. व्हॉट्सॲप फुकट आहे, मुक्त नाही. लिनक्स मुक्त आहे. त्याची एखादी प्रत, तिच्या देखभालीसह, कोणी पैसे घेऊनही विकू शकतो. चळवळीने हा भेद जनतेला समजावून दिला तरी निम्मे काम होईल.

ग्नूच्या परवान्यात एक अट विशेष महत्त्वाची आहे: जो या संहितेत भर घालून ती दुसऱ्याला देईल, त्याने तीच स्वातंत्र्येही पुढे दिली पाहिजेत. गायरानात कोणीही गुरे चारावीत, पण कुंपण घालू नये, असा हा नियम. जेथे ही अट ढिली पडते तेथे कुंपण कसे पडते याचे उदाहरण रायगडातील असंख्य खिशांतून गेले आहे. मोझिला या ना-नफा संस्थेने फोनसाठी 'फायरफॉक्स ओएस' ही मुक्त प्रणाली घडविली. डिसेंबर २०१५ मध्ये तिने फोनवरील ते काम थांबविण्याचे जाहीर केले. त्याच संहितेतून 'कायओएस' निघाली आणि २०१७ साली ती जिओफोनमध्ये आली. मूळ मुक्त, पण हाती आलेला फोन एकाच कंपनीच्या सिमकार्डाला बांधलेला. नागोठण्याच्या आयपीसीएल या सार्वजनिक कारखान्याचे व्यवस्थापन २००२ साली ज्या समूहाकडे गेले, त्याचाच हा फोन. सार्वजनिक श्रमाने उभे राहिलेले साधन खासगी कुंपणात कसे जाते, हे या तालुक्याला कारखान्याच्या रूपाने आधीच पाहावयास मिळाले होते.

अँड्रॉइडचेही असेच आहे. तळ मुक्त, पण वरचा मजला, म्हणजे प्ले स्टोअर, नकाशे आणि स्थान सांगणाऱ्या सेवा, बंद. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने असे जाहीर केले की, प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप बसवावयाचे तरी ते घडविणाऱ्याने गूगलकडे ओळख नोंदविलेली असावी, असा नियम टप्प्याटप्प्याने लागू होईल. केवळ मुक्त ॲप वाटणाऱ्या एफ-ड्रॉइड या संस्थेने त्याला जोरदार विरोध केला.

उघडी वही वाचणारा कोण?

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे रामबाण नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. भाबडा प्रचार चळवळीला घातकच ठरतो. पेण अर्बन सहकारी बँकेतील बोगस कर्जखात्यांचे प्रकरण २०१० साली उघडकीस आले आणि सामान्य ठेवीदारांच्या आयुष्यभराच्या पुंज्या अडकल्या. बँक सहकारी होती, सभासदांची होती, सर्वसाधारण सभेत अहवाल मांडण्याची पद्धत होती. वही कागदोपत्री खुली असणे आणि ती कोणीतरी प्रत्यक्ष वाचणे यांत किती अंतर असते, हे पेणइतके कोणाला ठाऊक असणार?

मुक्त सॉफ्टवेअरलाही हाच नियम लागू आहे. लिनक्सवर सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या 'एक्सझेड' या लहानशा साधनात कोणीतरी चोरदरवाजा घुसविल्याचे मार्च २०२४ मध्ये आढळले. ते साधन एकच थकलेला स्वयंसेवक सांभाळीत होता; त्याचा विश्वास संपादन करून हे घडले. संहिता उघडी होती म्हणूनच एका दक्ष अभियंत्याला तो दरवाजा सापडला, हे खरे. पण सार्वजनिक साधनाची देखभाल एका माणसाच्या फुकटच्या श्रमावर सोडून अब्जावधींचा नफा कमावणाऱ्या कंपन्या निर्धास्त होत्या, हेही तितकेच खरे.

फायरफॉक्सची कोंडी याहून बोलकी आहे. क्रोमियमच्या पायावर न उभा असलेला, ना-नफा संस्थेचा, मराठीतही उपलब्ध असलेला हा ब्राउझर. परंतु मोझिलाचे बहुतांश उत्पन्न येते ते फायरफॉक्समध्ये गूगलचा शोध आधीपासून ठेवण्याबद्दल गूगलच देत असलेल्या पैशातून. खोताच्या विरोधात उभा असलेला गडी खोताच्याच उचलीवर जगावा, असा हा प्रकार. सार्वजनिक वस्तूला सार्वजनिक निधी मिळाला नाही तर तिला मक्तेदाराच्या दानावर जगावे लागते. आणि ते दान केव्हाही आटू शकते. म्हणून हा प्रश्न केवळ वैयक्तिक निवडीने सुटणारा नाही, त्याला राजकीय उत्तर लागेल.

काय करता येईल?

तरीही जे आज करता येण्यासारखे आहे ते उद्यावर टाकण्याचे कारण नाही. पहिली गोष्ट जुन्या संगणकांची. पेण-रोह्यातील कचेऱ्या, वाचनालये आणि शाळा यांनी 'विंडोज १०' चे संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यांवर लिनक्स मिंट किंवा डेबियन चालवून पाहावे. पेनड्राइव्हवरून ते आधी तपासता येते, आतील काही न पुसता. लिबरऑफिसमध्ये पत्रके, हिशेब आणि यादी ही कामे होतात. छपाईयंत्र जुळेल की नाही, हे मात्र आधी पाहून घ्यावे; आणि अवघड जाईल त्याला मदत करण्यासाठी तालुक्यात दोन-तीन तरुणांनी हे काम अंगावर घ्यावे. मराठी मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. जुन्या बंदिस्त फाँटांत टंकलेली पत्रके आज उघडली तर अगम्य अक्षरांचा कचरा दिसतो. चळवळीचा कितीतरी इतिहास अशा रीतीने स्वतःच्याच कपाटात मुका झाला आहे.

दुसरी गोष्ट फोनची. ब्राउझर म्हणून फायरफॉक्स वापरावा. त्यात पाळत अडविणारा 'यूब्लॉक ओरिजिन' फोनवरही चालतो. कोणत्या ॲपला स्थान, ध्वनी आणि संपर्कयादी यांची परवानगी दिली आहे ते तपासून अनावश्यक परवानग्या काढाव्यात. फोनची सबंध प्रणालीच बदलण्याचा मार्ग काही थोड्या फोनांना आहे. पण मग काही बँकांची ॲप चालत नाहीत, हे सर्वसामान्य कार्यकर्त्याला आधी सांगितले पाहिजे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट संघटनेच्या शिस्तीची. कामगारांच्या सभासदयाद्या, संपाच्या बैठकीची वेळ, पीडित स्त्रीची तक्रार ही त्या त्या माणसांनी विश्वासाने सोपविलेली ठेव आहे. ती दोनशे जणांच्या व्हॉट्सॲप गटात टाकणारा कार्यकर्ता स्वतःचा खासगीपणा सोडत नसून दुसऱ्याचा उधळत असतो. व्हॉट्सॲपवरील संदेशाचा मजकूर कंपनीला वाचता येत नसला, तरी कोण कोणाशी, केव्हा आणि किती वेळा बोलतो, हे तिला कळू शकते. आणि मालकाला वा पोलिसांना पुष्कळदा तेवढेच पुरते. प्रचारासाठी व्हॉट्सॲप जरूर वापरावे. जोखमीच्या कामासाठी सिग्नल हे ना-नफा संस्थेचे, खुल्या संहितेचे साधन आहे. एका तालुका समितीने ठरविले तर सर्व सदस्य एका आठवड्यात तेथे जाऊ शकतात. एकट्याला जे अशक्य ते समूहाला शक्य होते, हा संपाचा जुना नियम येथेही लागू पडतो.

आणि शेवटी मागण्या. जनतेच्या पैशातून घडलेल्या प्रत्येक सरकारी ॲपची संहिता जनतेला खुली असावी. आरोग्य सेतूचे उदाहरण समोर आहे: एप्रिल २०२० मध्ये आलेल्या या ॲपवर टीका झाल्यावर २६ मे २०२० रोजी त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीची संहिता शासनाने खुली केली. दबाव आला की हे होते. केंद्र शासनाने २०१५ सालीच मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केलेले आहे. त्याची अंमलबजावणी जिल्हा परिषदेच्या पातळीवर मागावी. केरळने या शतकाच्या पहिल्या दशकातच शाळांतील संगणकशिक्षण लिनक्सवर आणले. महाराष्ट्रात मात्र लाखो तरुणांनी सरकारी नोकरीसाठी जो एमएस-सीआयटी अभ्यासक्रम केला, तो प्रामुख्याने एका कंपनीच्या साधनांभोवती गुंफलेला राहिला. म्हणजे त्या कंपनीच्या ग्राहकांची घडण तरुणांनी स्वतःच्या खर्चाने केली. प्रत्येक सरकारी ॲप मराठीत असावे, ते राबविणाऱ्या सेविकेला वा शेतकऱ्याला विचारून घडावे, आणि ज्याच्याजवळ फोन नाही किंवा ज्याला माहिती द्यावयाची नाही त्याचा हक्क कागदावरही मान्य व्हावा. ही शेवटची मागणी सर्वांत निकडीची आहे, कारण नकार देण्याची सोय असेल तेव्हाच होकाराला अर्थ येतो.

म्युनिच शहराच्या पालिकेने दहा वर्षे खपून आपले संगणक लिनक्सवर नेले आणि सत्ता बदलल्यावर २०१७ साली परत फिरण्याचे ठरविले. तंत्र जमले होते. त्याच्या पाठीशी उभी राहणारी लोकशक्ती नव्हती. खोतीही नुसत्या विधेयकाने गेली नाही. चरीच्या शेतकऱ्यांनी जमिनी ओसाड टाकून सहा वर्षे जे सोसले, त्याने त्या विधेयकामागे बळ उभे केले. नव्या खोतीच्या वहीतील हिशेब पाहण्याचा हक्कही असाच मागावा लागेल: तालुक्यातालुक्यातून, संघटितपणे, आणि आपल्या भाषेत.